सातही तपकिरी

९ एप्रिल

सात! ओपलने सात अंडी घातली.

सकाळची फेरी संपवून शाळेची बस डेपोत लावली, घरी आले, तळघरात अजगरांकडे उतरले, तर बाईसाहेब अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेल्या. माझ्याकडे असं बघत होती की मीच घरात शिरलेली चोर. अंगावर टॉवेल टाकून तिला उचललं. अंड्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खुणा केल्या, म्हणजे ठेवताना फिरायला नकोत. मग उबवणीच्या पेटीत. सगळी पांढरी, चामड्यासारखी घट्ट, एकमेकांना चिकटलेली. एकही पिवळट, वांझ नाही.

या वेळी आकडेमोड करायचीच नाही. ओपल चंदेरी, निकेल चंदेरी. चंदेरीला चंदेरी लावला की पिल्लं सगळी चंदेरी. चारात एक नाही, नशिबावर नाही — सगळी. गेली पाच वर्षं मी तपकिरी मादीला तपकिरी नर लावत आले. दोघंही बाहेरून साधे, आतून चंदेरी. म्हणजे दर अंड्यामागे चारात एक आशा. आणि पाच वर्षांत मला मिळाली काय, तर एकटी ओपल. बाकी सगळी मातीच्या रंगाची. कागदावर चौकोन आखून आखून माझं डोकं पिकलं.

व्हर्लिनला फोन केला, निकेल त्याच्याकडूनच उसना आणलेला. म्हणाला, "सात? मग चार तुझी, तीन आमची." नर उसना आणला की पिल्लं वाटून घ्यायची, मादीवाल्याने पहिलं उचलायचं, मग नरवाल्याने, असं आळीपाळीने. म्हटलं, "ते मला माहीत आहे, तू कशाला शिकवतोस?" म्हणाला, "शिकवत नाही गं. तुला मोजता येतं का ते बघतोय."

आगाऊ.

१० एप्रिल

रात्री नीट झोपच नाही. दोनदा उठून पेटीचा काटा बघून आले. अठ्ठ्याऐंशी फॅरनहाइट. ठीक आहे.

१९ एप्रिल

बॅटरी लावून अंडी बघितली. सातांतही लाल शिरांचं जाळं. सातही जिवंत!

ऑरिनला सांगायला गेले. व्हर्लिनकडेच असतात आता ते. कंबरेचं हाड बदललं तेव्हापासून स्वतःचं घर सोडून मुलाकडे. चौऱ्याऐंशी वय, नजर जवळजवळ गेली. साप सगळे व्हर्लिनच बघतो. तरी माझ्या पावलांवरून ओळखलं. "पोरी, किती?"

"सात."

"शिरा?"

"सातांतही."

मान हलवली. एवढंच. या माणसाने इथल्या इथे, ओहायोत, गॅरेजमध्ये एका करड्या पिल्लापासून ही चंदेरी जात उभी केली. अजगराच्या अंगातला पिवळा रंग पूर्ण गायब, नुसता काळा आणि रुपेरी. सगळे तिला "स्टॉडर्ड चंदेरी" म्हणतात. नेब्रास्कातले लोकसुद्धा. निकेल त्यांचा. ओपलचे आजी-आजोबा त्यांचे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मला अजगर कुठल्या बाजूने धरायचा ते कळत नव्हतं.

३ मे

इंडियानाहून एक माणूस आला. व्हर्लिनने विकायला दिलेलं निकेलचं मागच्या वर्षीचं तपकिरी पिल्लू बघितलं आणि विचारतो, "हा आतून चंदेरी आहे, हे कशावरून?"

म्हटलं, "माझ्या शब्दावरून."

"आणि तुमचा शब्द कशावरून?"

आता याला काय सांगू! आमच्या धंद्यात जे विकतो ते डोळ्यांना दिसतच नाही. साधं तपकिरी पिल्लू आणि आतून चंदेरी असलेलं तपकिरी पिल्लू शेजारी ठेवा — देवालाही सांगता येणार नाही. तीन-चार वर्षं वाढवायचं, जोडी लावायची, अंडी उबवायची, तेव्हा कुठे कळणार विकणारा खरं बोलला की नाही. तोवर फक्त माणसाचं नाव. माझं नाव चांगलं आहे. का चांगलं आहे, तर मी प्रत्येक पिल्लासोबत सांगते की हे स्टॉडर्डांच्या घरचं.

त्यालाही तेच सांगितलं. ऑरिनचं नाव ऐकल्यावर गप घेऊन गेला. मला मात्र चीड आली. वीस वर्षं मी काय गवत उपटत होते?

२२ मे

शाळा संपली. शेवटच्या दिवशी मागच्या बाकावरच्यांनी बसमध्ये च्युइंगम चिकटवून ठेवलं. दोन तास खरवडलं.

पेटी ठीक.

६ जून

एका अंड्याला आतून चीर गेली. नाकाचा टोकदार शेंडा बाहेर. तपकिरी वाटला. ओलं असताना सगळेच तसे दिसतात.

पहिल्याने स्वतः चीर पाडली की बाकीची आपण कापायची, असा आमच्यात रिवाज. पण मी आज कापणार नाही. उद्या.

कशाला उद्या? कापतेच.

६ जून, रात्री

तपकिरी.

सातही.

छोटी कात्री घेऊन प्रत्येक अंड्याला खिडकी पाडली. पहिलं — तपकिरी. म्हटलं असेल काहीतरी. दुसरं तपकिरी. तिसरं. चौथ्याला तर मी कात्री ठेवून हात धुऊन आले, म्हणजे हात धुतल्याने फरक पडणार होता! सातव्यातल्या पिल्लाने डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं आणि परत आत घेतलं. त्यालाही लाज वाटली असेल.

हे होऊच शकत नाही. दोन चंदेरींच्या पोटी तपकिरी, तेही सातच्या सात?

७ जून

व्हर्लिनला फोटो पाठवले. उत्तर आलं: "तळघरात दिवा लाव. अंधारात सगळेच तपकिरी दिसतात."

मी फोनच केला. जरा वेळ हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "ओपलला आधी कुणासोबत ठेवली होतीस?"

ठेवली होती. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात, बिस्किटसोबत. बिस्किट माझा साधा तपकिरी नर. जोडी लागली, पण अंडी काही झाली नाहीत. मादी नराचं बी साठवून ठेवते आणि पुढच्या वर्षी वापरते, असं होतं कधीकधी, हे मलाही माहीत आहे. पण सव्वा वर्ष? आणि मधे निकेल तीन वेळा सोबत राहिलेला, मी स्वतः त्यांना लागलेलं बघितलेलं! सातांतलं एकही निकेलचं नाही?

म्हटलं, "मला बिस्किटच्या गोष्टी सांगू नकोस. आपल्या नराचं बघ."

म्हणाला, "माझ्या नराला काय झालंय?"

तेच तर मला हवंय. काय झालंय त्याला?

८ जून

विचार करकरून आता एकच उरतंय. चंदेरी एक नाही, जगात चंदेरी चार-पाच आहेत. ऑरिनची एक, केंटकीतली एक, कुणाकुणाच्या. दिसायला सगळ्या सारख्या. पण आत वेगळ्या, दोन कुलपांच्या दोन किल्ल्या असाव्यात तशा. स्टॉडर्ड चंदेरीला केंटकीचा चंदेरी लावला तर पिल्लं सगळी तपकिरी निघतात. सगळी! नेमकी माझ्या सातांसारखी.

म्हणजे ओपल आणि निकेल यांतला एक स्टॉडर्ड नाही.

ओपल माझ्या डोळ्यांसमोर अंड्यातून निघाली. तिचे आईबाप ऑरिनने स्वतःच्या हाताने मला दिले.

मग निकेल.

९ जून

गेले व्हर्लिनकडे. तो अंगणात गवत कापत होता. मशीन बंद करायला लावलं. म्हटलं, "मला खरं सांग. हा निकेल तोच आहे का?"

"तोच म्हणजे?"

"तुझ्या वडिलांचा. की मधे कधी मेला आणि तू दुसरा आणून डब्यात ठेवलास?"

त्याने टोपी काढली, परत घातली. "मार्लिस, तू मला चोर म्हणतेयस. माझ्याच अंगणात."

"मी विचारतेय."

"ओरडून विचारतेयस."

ओरडत होते हे खरं. खिडकी उघडी होती, आत ऑरिन आपल्या खुर्चीत बसलेले, रेडिओवर बेसबॉलची मॅच चालू. मॅच बंद झाली. तेव्हा मी आवाज खाली आणला.

व्हर्लिन म्हणाला, "दोघांची कात पाठव लॅबमध्ये, डीएनए तपासायला. तुझ्या पिल्लांची पण. मग बोल." आणि मशीन चालू केलं.

घरी येऊन निकेलचा जुना फोटो शोधला, म्हणजे पट्टे जुळवून बघता आले असते. एक नाही. ऑरिन कॅमेरा आणू द्यायचेच नाहीत, फ्लॅशने साप बावरतात म्हणून. आणि तेव्हा त्यांच्याकडे डझनभर चंदेरी होते. त्यांतला निकेल कुठला, मला छातीठोक नाही सांगता येणार.

१८ जून

पिल्लांनी पहिली कात टाकली. ओपलची होतीच. निकेलची व्हर्लिनने पाकिटातून पाठवली, आत चिठ्ठी नाही, काही नाही. सगळं लॅबला टाकलं. सहा-सात आठवडे लागतील म्हणे. इतकी रांग!

तोवर माझ्याकडची चंदेरीची पिल्लं विकायची की नाही? काय सांगून विकू?

२१ जून

निकेलची पिल्लं मी कुणाकुणाला विकली याचा विचार करत बसले. टोलेडोची ती शिक्षिका. मिशिगनचे जुळे भाऊ. इंडियानाचा शंकेखोर. ते सगळे पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी जोड्या लावणार आणि अंडं कापणार आणि आत तपकिरी. मग म्हणणार, मार्लिसने फसवलं.

जेवण गेलं नाही. थंड मॅकरोनी उभ्या उभ्या खाल्ली.

२८ जून

ऑरिनने बोलावलं. स्वतः! व्हर्लिनने फोन लावून दिला आणि म्हणाला, "बाबांना तुझ्याशी बोलायचंय, दुपारी ये." आवाज कोरडा. मी मटार घातलेल्या नूडल्स करून नेल्या, बटाट्याच्या लगद्यावर घालून. त्यांना तशाच आवडतात.

व्हर्लिन उंदीर आणायला बाहेर गेला. त्याला त्यांनीच पाठवलं असणार. तो गेल्यावर म्हणाले, "पोरी, व्हर्लिनला काही बोलू नकोस. हे माझं काम आहे."

"कसलं काम?"

"निकेल."

मग सांगितलं. माझ्या कमरेच्या ऑपरेशनच्या आदल्या वर्षी, म्हणाले, जानेवारीत मी बहिणीकडे गेलो होतो, घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली. परत आलो तर डबे बर्फासारखे गार. निकेल दोरीसारखा पडलेला. त्या वर्षी लोकांना पिल्लं द्यायचं कबूल केलं होतं. केंटकीच्या एका माणसाकडून तसाच एक चंदेरी नर घेतला, एका पेट्रोल पंपावर, गाडीच्या मागच्या दारातून. नाव तेच ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. व्हर्लिन तेव्हा सापांना हातही लावत नव्हता, त्याला काय माहीत.

मी विचारलं, "आणि तुम्हाला माहीत होतं, की केंटकीचा आणि आपला जुळत नाही?"

"करडा तो करडा, असं वाटलं."

करडा तो करडा! मला ज्याने शिकवलं की प्रत्येक जातीचं नाव नीट सांगायचं, चुकीचं नाव घेऊन साप विकणं म्हणजे विष विकणं, तो माणूस! नूडल्सचं भांडं तिथेच ठेवून आले. निरोपही घेतला नाही.

अंगणात व्हर्लिन भेटला, हातात गोठवलेल्या उंदरांची पिशवी. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा? नाही." मग परत, "नाही." मग पिशवी घेऊन आत गेला.

२९ जून

राग गेला नाही. उलट वाढलाय.

त्यांच्या कमरेच्या ऑपरेशनच्या आदल्या वर्षापासून त्या नराची पिल्लं गावोगाव गेली. स्टॉडर्ड नावाने. आणि काही माझ्या हातून.

३ जुलै

व्हर्लिन आला. घरात आला नाही, पायरीवर उभा. म्हणाला, "लोकांना सांगणार आहेस, मला माहीत आहे. सांगायलाच हवं. पण त्यांचं नाव घेऊ नकोस. म्हण, नर बदलला होता. कुणी, ते सांगू नकोस."

"मग लोक काय समजतील?"

"काहीही समजू देत."

"माझ्याकडून घेतलेल्यांना वाटेल मी बदलला."

त्याने पायरीवरचं वाळकं पान पायाने बाजूला सारलं.

"व्हर्लिन, कुणाचं तरी नाव जाणारच आहे. माझं का जावं?"

म्हणाला, "तू बावन्नची आहेस. तुझं परत येईल."

हे ऐकून मी दार लावलं. दार लावायला नको होतं. पण माझं परत येईल म्हणजे काय? गेलंच कशाला पाहिजे?

१२ जुलै

मैदानावर सापांचं प्रदर्शन. उकाडा. शेडमध्ये पंखे होते, पण गरम हवाच फिरवत होते.

माझ्या टेबलावर पाटी लावली: निकेल नावाच्या नराची पिल्लं स्टॉडर्ड चंदेरी नाहीत, ज्यांनी घेतली त्यांनी मला भेटावं. येईल त्याला सांगितलं. कुणी बदलला विचारलं, तर ऑरिन स्टॉडर्डनी स्वतः कबूल केलंय, हेही सांगितलं. खरं ते सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या शेडला माहीत झालं. लोक आपापल्या पाट्यांवरून "स्टॉडर्ड" खोडत होते. काळ्या मार्करने. एक बाई तर रडत होती, तिची सगळी पैदास त्याच रक्ताची.

डेल्फा — प्रदर्शन तीच भरवते — माझ्याजवळ आली. ऑरिनसाठी दाराशी नेहमी एक खुर्ची ठेवते ती, आणि कॉफी. आज खुर्ची रिकामी. म्हणाली, "मार्लिस, चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे गं तो."

"मग काय, चौऱ्याऐंशीनंतर खोटं चालतं?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंस?"

चिकन सँडविच माझ्यापुढे ठेवून निघून गेली. मिशिगनचा एक जुळा येऊन म्हणाला, "वाघीण आहेस." त्याचाही राग आला. डेल्फाचाही. मी बरोबर केलं, तरी कुणीतरी नीट शांतपणे "बरोबर केलंस" म्हणावं, तर तेवढंही नाही!

१३ जुलै

साप-पैदासकारांच्या फेसबुक पेजवरही लिहिलं. रात्रीपर्यंत उत्तरांचा पाऊस. कुणी शिव्या मला, कुणी त्यांना. एकाने लिहिलं, म्हातारा पहिल्यापासून भामटाच होता. हा लिहिणारा पाच वर्षांपूर्वी त्यांच्याच घरी जेवून गेलाय. त्याला उत्तर लिहायला घेतलं, मग पुसलं.

आज सापांना खायला घालायचा दिवस. ओपलने खाल्लं नाही.

२० जुलै

सातांपैकी सहा पिल्लं खातात. सातवं अजून नाही. व्हर्लिन आपली तीन न्यायला आला नाही. निरोप पाठवला तर उत्तर: "तूच ठेव."

लॅबचा ईमेल. नमुने रांगेत आहेत म्हणे. आता कशाला हवेत? जे कळायचं ते कळलं. रद्द करणार होते, पण तसं करता येत नाही म्हणतात.

२५ जुलै

डेल्फा किराणा दुकानात भेटली. तोंड फिरवेल वाटलं होतं, पण स्वतःच थांबली. म्हणाली, व्हर्लिन सगळे साप विकायला काढतोय. आणि बापाशी बोलत नाही. "एका घरात राहतात गं. ताट समोर ठेवतो आणि निघून जातो. ऑरिन खुर्चीत बसून असतो, रेडिओपण लावत नाही."

म्हटलं, "मी काय करू?"

"तुला करायला सांगत नाहीये."

मग दोघी तिथे टोमॅटोंसमोर उभ्या. मला सगळ्यांचाच कंटाळा आलाय. सापांचासुद्धा.

२६ जुलै

सातव्याने खाल्लं. शेवटी.

२ ऑगस्ट

लॅबचं उत्तर आलं. तीन वेळा वाचलं.

ओपल आणि निकेल, दोघांचं चंदेरीपण एकच. स्टॉडर्डचंच. निकेल खरा आहे, पहिल्यापासून खराच होता. पिल्लांमध्ये चंदेरी फक्त आईकडून आलंय. म्हणजे निकेल त्यांचा बापच नाही. बाप बिस्किट. सव्वा वर्ष साठवलेलं. व्हर्लिनने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ते.

पण मग केंटकीचा माणूस? पेट्रोल पंप?

लगेच फोन केला. व्हर्लिनने उचलला. वाचून दाखवलं. म्हणाला, "थांब," आणि म्हाताऱ्याला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. मला त्याची पावलं ऐकू आली.

"बाबा, मार्लिस आहे. निकेल तुमचाच आहे म्हणते. तुम्ही काही बदललंच नव्हतं." आणि लगेच, "मग तसं का सांगितलंत?"

ऑरिनचा आवाज लांबून आला, अगदी बारीक.

"ती अंगणात ओरडत होती ना... मला वाटलं, मी हॉस्पिटलात असताना तूच बदललास."